आवडलेलं ध्वनिमुद्रण दुसऱ्याला कसं ऐकवावं

माझ्या भाचीने एकदा विचारलं, "मामा, तुम्ही काय ऐकता ते मलाही पाठवा ना." मला इतका आनंद झाला की त्याच रात्री बसून बावीस लिंका पाठवल्या. सगळ्यात वर उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा राग होता, कारण माझ्या लेखी त्याच्यावर काहीच नाही. दोन महिन्यांनी सांगलीतल्या विश्रामबागला तिच्या घरी गेलो तेव्हा विषय काढला. ती म्हणाली, "सुरू केलं होतं, पण कुठे काय चाललंय ते कळेना. नंतर राहूनच गेलं."

तिचं काही चुकलं नव्हतं. मारव्यात पंचम, म्हणजे 'प', नाही आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वरही गाणारा फार विसावत नाही. त्यात तो झुमरा तालातला अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीचा ख्याल. चौदा मात्रांचं एक आवर्तन पुरं होईपर्यंत नवख्या कानाला टेकायला जागाच सापडत नाही. मला जे वीस वर्षांनी उमगलं ते मी तिला पहिल्याच दिवशी ऐकायला लावलं होतं. तेव्हापासून मी ध्वनिमुद्रण सुचवण्याची पद्धत बदलली. ती इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : आधी माणूस बघा

आपल्याला काय आवडतं हे थोडा वेळ बाजूला ठेवा. ऐकणारा आत्ता काय ऐकतो, कधी ऐकतो आणि किती वेळ बसू शकतो, एवढं विचारून घ्या. सांगली ही नाटकवाल्यांची नगरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत नाट्यपदं आजीच्या तोंडून कानावर पडलेली असतात. अशा माणसाला नाट्यपदाकडून त्या रागातल्या छोट्या ख्यालाकडे नेणं सोपं जातं. ज्याला फक्त भजनं आवडतात त्याला भजनाच्या वाटेने न्या. तबल्यावर बोटं चालणारा मुलगा असेल तर थेट मध्यलयीची तीनतालातली बंदिश द्या, त्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकणार नाही. आणि ऐकणारा सकाळी सहाला कृष्णाकाठी फिरायला जाणारा असेल, तर तोडी किंवा ललत हे सकाळचे राग देण्याची ही आयती संधी असते, ती दवडू नका.

दुसरी पायरी : एकच द्या, आणि छोटं द्या

यादी देऊ नका. यादी आली की माणूस ती 'नंतर ऐकू' म्हणून बाजूला ठेवतो. एक ध्वनिमुद्रण, एका माणसाला, एका वेळी.

सुरुवातीला लाखेच्या तबकड्यांच्या काळातली मुद्रणं मला सर्वात उपयोगी वाटतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना तेवढ्यात सगळं सांगावं लागलं, आणि त्यांतल्या थोरांनी ते सांगितलंही. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर ती आहे. शाळकरी मुलांना ही गोष्ट सांगून मग भैरवी लावली की ती कान टवकारतात.

पण आपल्या भागात बसून पहिलं नाव घ्यायचं तर अब्दुल करीम खाँसाहेबांचंच. मिरज त्यांनी आपलं मानलं. १९३७ साली ते गेले, आणि मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना दफन केलं. आजही उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं. त्यांची झिंझोटीतली ठुमरी 'पिया बिन नाही आवत चैन' मी सर्वांत जास्त वेळा भेट दिली असेल. भीमसेन जोशींनी हीच तबकडी लहानपणी ऐकली आणि आपल्याला असं गाता आलं पाहिजे या ध्यासाने गुरूच्या शोधात घर सोडलं. त्यांना ती कुणी समजावून सांगितली नव्हती, नुसती कानावर पडली होती. प्रत्येकाचं असं होत नाही, म्हणून पुढची पायरी.

तिसरी पायरी : ऐकण्याची एक जागा दाखवा

सगळ्यात जास्त जीव इथे लावा. 'अप्रतिम', 'अंगावर काटा येतो', 'दैवी' असे शब्द लिहून पाठवले तर वाचणाऱ्याला तुमची अवस्था कळते, गाणं कळत नाही. त्याऐवजी एक जागा सांगा. जागा म्हणजे गाण्यात जिथे आपण नकळत 'वा' म्हणतो ती.

भाचीला दुसऱ्या वेळी मी हीच झिंझोटी दिली. या खेपेला स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून दोघांनी ऐकली. आधी एवढंच सांगितलं, "शब्द समजून घेत बसू नकोस. 'पिया बिन' हे दोनच शब्द मोज. प्रत्येक वेळी ते वेगळ्या वाटेने येतात का बघ." तिने चहाचं आधण ठेवलं होतं. तिसऱ्या का चौथ्या वेळी तिचा हात गॅसच्या खटक्यावर तसाच राहिला. संपल्यावर म्हणाली, "परत लावा." चहा उकळून आटला, तो नंतर दुसऱ्यांदा ठेवावा लागला.

ख्याल असेल तर मुखडा, म्हणजे बंदिशीचा पुन्हा पुन्हा येणारा सुरुवातीचा तुकडा, दाखवा. गाणारा कितीही दूर गेला तरी समेला कसा परत येतो, एवढंच सांगायचं. किशोरीताई आमोणकरांच्या भूपातलं 'सहेला रे' देताना मी म्हणतो, "यात पाचच स्वर आहेत. मध्यम म्हणजे 'म' नाही, निषाद म्हणजे 'नी' नाही. पाचच आहेत हे एकदा डोक्यात धर आणि मग ऐक." ऐकणाऱ्याला पुढे भूप ओळखता आला नाही तरी चालेल. पाच स्वरांत एवढी वस्ती कशी होते, हे आश्चर्य त्याला वाटलं पाहिजे.

मिनिट-सेकंद लिहून द्यायला हरकत नाही, पण एकाच ठिकाणाचं. पाच ठिकाणं दिली की माणूस पट्टी सरकवत त्या ठिकाणांपुरतंच ऐकतो. जागेला वजन येतं ते तिच्या आधी राग हळूहळू फुलवत नेलेल्या सगळ्या बढतीमुळे. तेवढाच तुकडा कापून पाठवला तर उत्तर हातात येतं, पण प्रश्नच वाचायचा राहून जातो.

चौथी पायरी : नाव-गाव तपासा

पाठवण्यापूर्वी राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, गायक किंवा वादक, साथीदार आणि कळत असेल तर मैफलीचं गाव व साल, एवढं एका ओळीत लिहा. इंटरनेटवरची नावं डोळे झाकून उचलू नका. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच असतात. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तसंच, कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. चढवणाऱ्याने घाईत एकाचं नाव दुसऱ्याला दिलेलं मी अनेकदा पाहिलंय. नवखा माणूस ते चुकीचं नाव घेऊन पुढे जातो आणि पुढे त्याच्या मनातून ते काढणं फार कठीण होतं. शंका असेल तर गावातल्या एखाद्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना किंवा बुवांना ऐकवा. ही माणसं दोन मिनिटांत सांगतात, आणि विचारलं म्हणून खूशही होतात.

साथीदारांची नावं मुद्दाम लिहा. ती कुणी लिहीत नाही. तंबोराही साथच आहे. मिरजेत तंबोरे-सतारी घडवणाऱ्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढली जाते. ब्रिजवर तारेखाली दोरा कुठे सरकवला की सूर फुलतो, हे तिथे बसून बघण्यासारखं आहे. तंबोरा असा घडतो हे पाहिलेला माणूस ध्वनिमुद्रणात आधी तंबोरा ऐकतो, मग गवई.

पाचवी पायरी : आवाज नीट पोचवा

फोनच्या स्पीकरवर ऐकवू नका. त्यातून खर्ज, म्हणजे खालचे सूर, जातो. तंबोऱ्याची चौथी तार आणि डग्ग्याची घुमक, दोन्ही नाहीशी होतात, आणि उरतं ते अर्धं गाणं. साधे वायरचे इअरफोनही त्याहून बरे. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशी जाते.

जुन्या कॅसेट

आमच्याकडे सांगलीत या विषयाला एक वेगळं दुःख आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कितीतरी घरांत खालच्या फळीवरच्या कॅसेट पाण्यात गेल्या. माझ्याही गेल्या. वडिलांनी १९८० च्या सुमारास रेडिओवरून टिपलेली गाणी होती, त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. चिठ्ठ्या गेल्या. काही फिती मात्र वाचल्या, त्या कशा ते सांगतो. कुणाच्या माळ्यावर अजून अशी पिशवी पडलेली असू शकते.

ओली झालेली किंवा चिखल लागलेली कॅसेट तशीच प्लेअरमध्ये घालू नका. कोपऱ्यांचे आणि मधला असे पाच स्क्रू काढून कवच उघडा. (काही कवचं चिकटवलेली असतात, ती कडेने जपून फोडावी लागतात.) दोन्ही रिळं फितीसकट उचला, शुद्ध केलेल्या पाण्यात हलक्या हाताने बुडवून गाळ काढा आणि सावलीत, पंख्यापासून लांब वाळवा. उन्हात ठेवलं तर फीत आखडते. पूर्ण वाळल्यावर एखाद्या नको असलेल्या कॅसेटच्या चांगल्या कवचात ती बसवा. पहिल्यांदा वाजवण्यापूर्वी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे-मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. कॅसेट पाण्यात गेलेली असेल तर प्रत्येक बाजूनंतर पुसा.

मग प्लेअरच्या 'लाइन आउट'मधून संगणकाच्या 'लाइन इन'ला वायर जोडा, माइकच्या भोकात नको. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. आवाजाची पातळी तानेच्या वेळीही लाल पट्ट्यात जाणार नाही अशी आधीच ठेवा, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मूळ प्रत 'वेव्ह' (WAV) फाइलमध्ये जपा आणि वाटण्यासाठी तिच्यावरून लहान प्रत काढा. शेवटी तंबोऱ्याचं ॲप लावून गायकाची पट्टी, म्हणजे त्याच्या 'सा'ची उंची, पडताळा. गवई त्याच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर वर गाताना दिसला, तर तुमचा प्लेअर जोरात पळतोय असा संशय घ्या. खरखर काढण्याच्या नादात आवाज घासून गुळगुळीत करू नका, त्यात तंबोराही पुसला जातो.

इथेच एक नियम सांगून ठेवतो. आपल्या कायद्यात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो. त्याहून नवं जे अधिकृतपणे मिळतं, त्याची लिंक द्या किंवा विकत घेऊन भेट द्या. घरगुती मैफलीतलं मुद्रण असेल तर कलाकाराला, तो हयात नसेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही चढवू नका. त्या मैफलीत तो आपल्या माणसांसमोर गायला होता.

सहावी पायरी : एकत्र बसा

महिन्यातून एका रविवारी पाच-सहा जण कुणाच्या तरी घरी जमा. यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. प्रत्येकाने एकच मुद्रण आणायचं, वीस मिनिटांच्या आतलं, आणि लावण्यापूर्वी दोन वाक्यांत जागा सांगायची. सगळी मिळून दीड तासाच्या वर जाऊ नये. गाणं चालू असताना बोलायचं नाही. दाद द्यायची असेल तर समेला मान हलते तेवढी पुरे. भडंगाची पुडी मध्यंतरात सोडावी, कारण कुरकुरण्याच्या आवाजात आलाप बुडतो.

संपल्यासंपल्या "कसं वाटलं?" म्हणून अंगावर जाऊ नका. अर्धं मिनिट गप्प बसा. नवख्या माणसाला सगळ्यांच्या आधी बोलू द्या, कारण जाणकार आधी बोलला की बाकीचे त्याच्याशी सहमत होऊन मोकळे होतात. आमच्या बैठकीत एकदा बाजारात हळदीचा व्यापार करणारे एक गृहस्थ पहिल्यांदाच आले होते. सारंगी ऐकून ते म्हणाले, "ही बाई गाता गाता रडायची थांबली, असं वाटलं." गायिका नव्हतीच, एकटी सारंगी होती. कुणीही त्यांना दुरुस्त केलं नाही. पुढच्या महिन्यात ते स्वतः सारंगीचं दुसरं मुद्रण शोधून घेऊन आले.

सातवी पायरी : आठवड्याने विचारा, आणि त्यांचंही घ्या

"ऐकलंस का?" असं दुसऱ्या दिवशी विचारलं की तो गृहपाठ होतो. आठवडाभर जाऊ द्या. आवडलं नसेल तर तसं म्हणू द्या आणि पुढच्या वेळी दिशा बदला, आवाज नाही रुचला तर वाद्य, विलंबित जड गेलं तर द्रुत. आवडलं असेल तर त्याच रागातलं दुसऱ्या घराण्याचं गाणं द्या. तोच राग दोन गळ्यांत ऐकला की राग आणि गवई वेगवेगळे दिसू लागतात.

त्यांनी काही सुचवलं तर तेही पूर्ण ऐका, तुमच्या आवडीचं नसलं तरी. मी एक साधी शंभर पानी वही ठेवली आहे. तीत रकाने आहेत: तारीख, राग, कलाकार, कुणाला दिलं, कोणती जागा सांगितली. शेवटचा रकाना 'कुणाकडून मिळालं' असा आहे. अलीकडे त्यात भाचीचं नाव वरचेवर येतं. मागच्या पावसाळ्यात तिने मला एक मल्हार पाठवला, सोबत एकच ओळ होती, "मामा, दोन्ही निषाद पाठोपाठ येतात तिथे थांबा."