पाटी लावण्याआधी: हिशेबाचं स्वतंत्र काम सुरू करताना

पाटीवर काय लिहायचं ते आधी ठरवा, कारण पुढची निम्मी तयारी त्यातूनच निघते. बारावीनंतर कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचा कॅट, म्हणजे अकाउंटिंग टेक्निशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला असेल, तर हिशेब लिहिणं, बँकेचा मेळ घालणं, पगारपत्रक, जीएसटी आणि टीडीएसची आकडेमोड, ताळेबंदाचा कच्चा मसुदा हे सगळं तुमचं काम. कंपनीचं वैधानिक ऑडिट आणि प्राप्तिकराचं टॅक्स ऑडिट मात्र प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कोणीतरी कर्जाची फाइल घेऊन येईल आणि म्हणेल, "मॅडम, नेटवर्थवर, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरतं त्याच्या दाखल्यावर, तेवढी सही द्या ना." त्या दिवशी गोंधळायला नको, म्हणून एका सीएंशी आणि एका कॉस्ट अकाउंटंटशी आधीच बोलून ठेवा. "हे माझं काम नाही, पण ज्यांचं आहे त्यांचा नंबर देते," असं सांगता आलं की माणूस दुखावत नाही, उलट परत येतो.

तुम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असाल तर जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे दुसऱ्यांची जीएसटी विवरणं रीतसर भरून देणारा, म्हणून नोंदणी करा. पोर्टलवर पीसीटी-०१ हा अर्ज भरायचा. नाव नोंदलं म्हणजे झालं असं मात्र समजू नका. नासिन या सरकारी कर-प्रशिक्षण संस्थेची परीक्षा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते आणि पास व्हायला ५० टक्के गुण लागतात. कामाचा रेटा सुरू झाला की अभ्यासाला वेळ मिळत नाही, तेव्हा पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाईकं, कमी आहेत तोवरच ती देऊन टाका.

कागदपत्रांना घाबरू नका, चार दिवसांचं काम आहे. व्यवसाय कराची स्वतःच्या नावाची नोंदणी, ज्याला सगळे पीटीईसी म्हणतात, ती घ्या. महाराष्ट्रात वर्षाचे २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. माणूस एकटाच असेल तर शॉप अ‍ॅक्टची नुसती ऑनलाइन सूचना पुरते, आणि चालू खातं उघडताना बँक बहुधा तीच पावती मागते. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी आधारवर होते आणि फुकट असते, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. जीएसटी स्वतःला लागतो तो सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर. आयकरात लेखाकर्म हा अंदाजे नफ्यावर कर भरायच्या योजनेत (जुन्या कायद्यात कलम ४४एडीए) बसणारा व्यवसाय आहे: निम्मी जमा नफा म्हणून दाखवायची आणि आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चला भरायचा. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. जुने आणि नवे दोन्ही आकडे एका कागदावर लिहून टेबलासमोर लावा, कारण पार्टी अजून कित्येक दिवस जुन्याच आकड्याने विचारणार.

आता मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते, ती सांगते. माझी पहिली पार्टी म्हणजे पुण्यात नाना पेठेतले एक स्पेअर पार्टवाले काका. त्यांच्या जीएसटी नोंदणीला मोबाइल होता आधीच्या अकाउंटंटचा, ईमेलही त्याचाच. तो काम सोडून गेला आणि फोन उचलेनासा झाला. धंदा काकांचा, नोंदणी काकांची, आणि ओटीपी भलत्याच माणसाच्या खिशात. नंबर बदलायला अधिकाऱ्याकडे जावं लागतं. दुकान बंद ठेवून, पॅन, आधार आणि नोंदणीचा दाखला घेऊन ते माझ्याबरोबर येरवड्याच्या जीएसटी भवनात दोनदा आले. तोवर ३बी, म्हणजे जीएसटीआर-३बी हे कर भरायचं विवरण, राहून गेली होती. दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि राहिलेल्या करावर १८ टक्के व्याज. काका माझ्यावर चिडले नाहीत, पण जिन्यात म्हणाले, "माझ्याच दुकानाची किल्ली मला दुसऱ्याकडून मागायला लागते बघ." ते वाक्य मी विसरलेले नाही.

म्हणून पार्टी घेण्याआधीच नियम ठरवा. मोबाइल आणि ईमेल मालकाचेच. नसेल तर मालकाच्या नावाचा नवा ईमेल त्याच्यासमोर उघडून द्या. प्रॅक्टिशनर झालात की मालकाकडून पोर्टलवर पीसीटी-०५ ने रीतसर अधिकार घ्या आणि स्वतःच्या लॉगिनने काम करा, पासवर्ड उसना घेऊ नका. कराचे पैसे रोखीने किंवा तुमच्या यूपीआयवर कधीही स्वीकारू नका. चलन तयार करून पाठवा, मालक त्याच्या खात्यातून भरेल. "तुमच्याकडेच देतो, तुम्ही भरून टाका," असं प्रेमाने म्हणणारे पुष्कळ भेटतात. नकार देताना जीव कासावीस होतो, पण द्या. डिजिटल सहीचा टोकनही तुमच्या ड्रॉवरमध्ये नको.

कामाचं पत्र पहिल्या दिवशीच. दोन पानं पुरतात. बिलं महिन्याच्या किती तारखेपर्यंत यायची, उशीर झाला तर लेट फी कोणाची, काय तुमच्या फीमध्ये आहे आणि काय नाही, फी कधी द्यायची. मासिक विवरणात जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या तपशिलाची, तारीख ११, ३बीची २०. पीएफ आणि ईएसआयसी १५ ला, टीडीएस ७ ला. तिमाही योजनेत असलेल्याची ३बी महाराष्ट्रात तिमाहीनंतरच्या २२ तारखेला. या तारखांवरून मागे मोजा. बिलं ५ तारखेला आली तरच २बीशी, म्हणजे पोर्टलवर आपोआप येणाऱ्या खरेदीच्या यादीशी, खरेदी ताडून बघायला वेळ उरतो. पिशवीभर बिलं १० च्या संध्याकाळी आली तर फक्त एंट्री मारणं होतं, हिशेब होत नाही.

फी उलाढालीवर लावू नका, कामावर लावा. भवानी पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याची उलाढाल कोटींत आणि बिलं महिन्याला चाळीस. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याची उलाढाल त्याच्या पाव, पण बिलं सहाशे. घर आणि व्यवसाय मिळून महिन्याला ३६,००० लागत असतील आणि पैसे मिळतील असे १२० तास हातात असतील, तर ताशी ३०० च्या खाली गेलात की ते पदरचं जातं. एखाद्या पार्टीला महिन्याला आठ तास लागतात, तर २,४०० ही शेवटची पायरी. पहिल्या महिन्यात घड्याळ लावून काम करा, आकडा आपोआप समोर येईल. हातात सहा महिन्यांचा खर्च साठलेला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. ज्या ऑफिसात शिकलात तिथल्या पार्ट्या फोडून आणू नका, मग ती पार्टी स्वतःहून आली तरी.

पुण्यात सुरुवातीला स्थिर काम हवं असेल तर मी सोसायट्या सुचवेन. कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंत गृहनिर्माण संस्थांना दरमहा हिशेब लिहिणारं माणूस लागतं आणि कमिटी पाच वर्षांनी बदलली तरी काम चालू राहतं. त्यासाठी आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटी चालवायचे नमुना नियम, नीट वाचा. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. एका सभासदाची महिन्याची वर्गणी ७,५०० च्या वर आणि सोसायटीची उलाढाल २० लाखांच्या वर, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच जीएसटी लागतो. ही एक ओळ सांगता आली की अर्धी कमिटी तुमच्याकडे वळते. कमिटीत निवृत्त बँकवाले काका असतातच, ते प्रत्येक व्हाउचर मागतील. आनंदाने दाखवा, त्यांच्याकडून मी फार शिकले.

संगणकाचं थोडक्यात. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर लायसन्सचंच, क्रॅक केलेलं नको, त्यात दुसऱ्यांचा डेटा असतो. बॅकअप रोज, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर. गुरुवारी लाइट जाण्याची सवय आपल्या शहराला आहे, आणि २० तारीख गुरुवारी येऊ शकते, तेव्हा इन्व्हर्टर किंवा चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप आधी घ्या, खुर्ची नंतर.

आणि एक फाइल. प्रत्येक पार्टीची, ती येईल त्याच दिवशी उघडायची, आणि तिच्यावर लिहायचं 'परत द्यायचं'. सगळ्या नोंदण्यांचे दाखले, भरलेल्या विवरणांच्या पावत्या, चलनं, वर्षाअखेरचा डेटा बॅकअप, कामाचं पत्र, आणि मूळ कागद कोणते घेतले त्याची सही केलेली यादी. दर ३१ मार्चनंतर तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर मालकाच्या हातात द्यायची. उद्या त्याने दुसरा अकाउंटंट ठेवला तर त्याला तुम्हाला फोनही करावा लागू नये, इतकी ती पूर्ण हवी.