अस्तर लावलेली चामड्याची बॅग: रंग उतरतो, अस्तर चुरगळतं, बटण निखळतं तेव्हा

घरी बॅग शिवणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून त्याच तीन. रंग कपड्यांना लागतो, अस्तर घडीवर चुरगळतं, टिच बटण थोड्याच दिवसांत हातात येतं. त्यावर सल्लेही ठरलेले: रंगाचा आणखी एक हात मारा, अस्तर ताणून चिकटवा, हातोडी जोरात हाणा. तिन्ही सल्ले दुखणं वाढवतात. शिवाय या तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या असतात. रंगाची भुकटी पुसली नाही तर सोल्युशन, म्हणजे अस्तर चिकटवायचा चिकट पदार्थ, धरत नाही. अस्तराने जाडी वाढली की बटणाची नळी तोकडी पडते. रंग ओला असताना लोखंडी हार्डवेअर (बटणं, बकलं, रिंगा) ठोकलं की भोवती काळं वर्तुळ उमटतं.

म्हणून क्रम हाच ठेवा: कापणं, रंगवणं, वाळवणं, पुसणं, सुलट बाजूला फिनिश (रंग बांधून ठेवणारा वरचा लेप), अस्तराखाली झाकलं जाणारं हार्डवेअर, अस्तर, शिलाई, कडा, आणि शेवटी आरपार जाणारी बटणं. खाली जे माप देतो आहे ते फ्लॅपवाल्या साध्या खांद्याच्या बॅगेचं: बाहेरून २ मिमी जाडीचं म्हशीचं व्हेजटॅन (झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं कातडं), आतून ०.८ मिमीचं बकरीचं अस्तर.

रंग

कापलेली कड बघा. आत निळसर राखाडी पट्टा दिसला तर ते क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं आहे. ते बहुतेक वेळा कारखान्यातूनच रंगवून आणि वरून लेप देऊन येतं. ते घरी रंगवण्याच्या फंदात पडू नका, हव्या त्या रंगाचं विकत घ्या. आतून बदामी असेल तर व्हेजटॅन. कोल्हापुरी चपलेला लागणारं, बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं कातडं याच जातीचं. मग पाण्याचा एक थेंब टाका. थेंब जिरला तर रंग घेईल. तसाच गोल उभा राहिला तर वर काहीतरी लेप आहे, आणि तिथे रंग डागाडागाने बसणार.

रंग पातळ करून दोन-तीन हात द्या, एक जाड हात देऊ नका. आधी ओलसर स्पंजने कातडं सगळीकडे सारखं दमट करून घेतलं तर पट्टे पडत नाहीत. सावलीत एक अख्खा दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन.

यापुढची पायरी लोक गाळतात. वाळलेल्या कातड्यावर जादा रंग भुकटीसारखा बसलेला असतो. कितीही हात द्या, तो आत जात नाही, पृष्ठभागावरच साठतो आणि पांढऱ्या कुर्त्याला लागतो. पांढऱ्या सुती फडक्याने घासत राहा, फडकं बदलत राहा. फडकं जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत फिनिशच्या बाटलीचं झाकणही उघडू नका. गडद निळा आणि काळा यांना यात सगळ्यात जास्त वेळ लागतो. फिनिश लावल्यावर ओल्या फडक्याने पुन्हा तपासा, विशेषतः अंगाला घासणाऱ्या मागच्या भागावर. अजून रंग येत असेल तर फिनिशचा आणखी एक पातळ हात द्या. मेण-तेलाने हा रंग बांधला जात नाही, उलट तेलाबरोबर तो वर येतो.

उलट बाजूला, म्हणजे जिथे अस्तर चिकटणार आहे तिथे, फिनिश लावायचं नाही आणि गोंदाने घोटायचंही नाही. आधीच घोटलं असेल तर सॅंडपेपरने खरवडून काढा. तिकडचा जादा रंगही पुसा. सोल्युशनमधलं द्रावक तो रंग सोडवतं आणि फिकट अस्तरावर आठवड्याभराने तपकिरी ढग दिसू लागतात. त्यावर नंतर काहीही करता येत नाही.

अस्तर

सगळ्यात जास्त बॅगा इथे बिघडतात, आणि याबद्दल सगळ्यात कमी लिहिलेलं असतं. ही पायरी मलाही फार उशिरा जमली. दोन तुकडे टेबलावर सपाट ठेवले, छान चिकटवले, कडा कापल्या, सगळं आरशासारखं दिसतं. मग फ्लॅप दुमडला की घडीच्या आत अस्तराच्या आडव्या चुण्या पडतात. चिकटलेलं नीट नव्हतं असं समजून माणूस पुढच्या वेळी सोल्युशन वाढवतो. चुण्या तेवढ्याच राहतात, फक्त आता त्या कडक होतात.

कारण साधं आहे. दुमडल्यावर आतल्या थराला बाहेरच्यापेक्षा कमी अंतर कापायचं असतं. किती कमी, ते मोजता येतं: दोन्ही थरांच्या जाडीची बेरीज करा, निम्मी करा, तिला ३.१४ ने गुणा. आपल्या बॅगेत २ अधिक ०.८ म्हणजे २.८, निम्मे १.४, गुणाकार साधारण ४.४ मिमी. फ्लॅप मागून वर येऊन पुढे खाली पडतो, म्हणजे पूर्ण अर्धं वळण घेतो. त्या वळणात अस्तर ४.४ मिमी जास्तीचं ठरतं. ते जाणार कुठे?

घडी मोठ्या गोलाईची ठेवली म्हणजे हा प्रश्न सुटतो, असं समजू नका. फरक गोलाईवर ठरत नाही, किती अंशात वळलं यावर ठरतो. मोठ्या गोलाईत हेच ४.४ मिमी लांब पट्ट्यात विखुरतात म्हणून कमी दिसतात. पाकिटासारख्या तीक्ष्ण घडीत ते एका जागी गोळा होतात. वळण एका ठिकाणी अर्धं असो की दोन कोपऱ्यांत पाव-पाव, बेरीज तीच.

अस्तर ताणून चिकटवण्याचा सल्ला याच प्रश्नावर दिला जातो. सपाट ठेवून ताणलं तर ताण सगळ्या फ्लॅपभर पसरतो, घडीपुरता राहत नाही. फ्लॅपची टोकं आत वळू लागतात आणि बॅग कायम आक्रसल्यासारखी दिसते. अस्तर ताणायचं नाही. कातडं वळवून मग चिकटवायचं.

ते असं. बॅग भरल्यावर जेवढी जाड होणार, तेवढ्या जाडीचं ठोकळ्यासारखं पुस्तक घ्या. माझ्या बॅगेला ४ सेंमी लागतं. छोट्या पाकिटाला लाकडी पट्टी पुरते, आणि एकसारख्या गोल घडीला लाटणं उत्तम. कातड्याच्या उलट बाजूला पेन्सिलने घडीच्या सुरुवातीची आणि शेवटची रेघ मारा. अस्तर चहूबाजूंनी १ सेंमी मोठं कापा, नेमक्या मापाचं मुळीच नको.

दोन्हींच्या उलट बाजूंना सोल्युशनचा पातळ हात द्या. चपला-बुटांच्या दुकानात मिळतं ते पिवळं सोल्युशन पुरेसं आहे. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट टेकवून उचललं की तार यायला नको, बोट नुसतं अडखळायला हवं. ओलं असताना दाबलं तर आत द्रावक कोंडतं आणि फुगे येतात.

पहिल्या रेघेपर्यंतचा मागचा भाग सपाट चिकटवून घ्या. उरलेल्या भागात दोन थरांमध्ये बटर पेपर सरकवून ठेवा, म्हणजे ते आपोआप धरणार नाहीत. आता सगळं पुस्तकाच्या कडेवर न्या. अस्तर खाली, पुस्तकाला लागून. कातडं वर. अस्तर नुसतं हाताने सारखं करा, ओढू नका. बटर पेपर दोन बोटं मागे घ्या, वरचं कातडं वळणावर खाली बसवा आणि अंगठ्याने घडीच्या मधून दोन्ही कडांकडे दाबत जा. पुन्हा दोन बोटं. घडी ओलांडली की पुढचा भाग परत सपाट. एवढं केलं की फ्लॅपच्या टोकाला अस्तर वाढीव दिसेल, सुरुवातीला ठेवलेल्या १ सेंमीपेक्षा चार-साडेचार मिमी जास्त. तेच ते हिशेबातले ४.४. रापीने (कातडं कापायच्या धारदार पात्याने) कापून टाका.

झालेला तुकडा टेबलावर ठेवला तर तो सपाट बसणार नाही, घडीपाशी कमान धरून राहील. तो दाबून सपाट करायला जाऊ नका, वजन ठेवायला तर नकोच. कमान धरली म्हणजे काम बरोबर झालं. शिलाईची छिद्रं आता दोन्ही थरांतून एकदम पाडा. आधी पाडून ठेवलेली छिद्रं घडीपाशी कधीच जुळत नाहीत.

घडीच्या पट्ट्यात सोल्युशन लावूच नका, अस्तर सैल सोडा, असाही एक मार्ग सांगतात. पाकिटाला चालतो. बॅगेत नाही. तिथे किल्ल्या नि पेनं अडकतात आणि सैल अस्तर ओढलं जाऊन टाक्यांपाशी फाटतं.

बिघडलेली बॅग समोर असेल तर? शिलाई झालेली नसेल तरच हात घाला. हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, सोल्युशन मऊ पडेल, घडीच्या पहिल्या रेघेपर्यंत अस्तर सावकाश सोडवा. थिनर ओतू नका, तो रंगही घेऊन येतो. जुनं सोल्युशन बोटाने चोळून काढा, नवा हात द्या आणि वळवून चिकटवा. कातडं दमट असताना गरम हवा दिली तर ते आक्रसतं आणि परत येत नाही, त्यामुळे आधी कोरडं आहे याची खात्री करा.

पावसाळ्यात आणखी एक. दमट कातड्यावर अस्तर चिकटवलं तर ओल आत कोंडते आणि महिन्याभरात आतून बुरशीचा वास येतो. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये मी अस्तराचं काम काढतच नाही. फार घाई असेल तर पंख्याखाली दोन दिवस वाळवून मग.

हार्डवेअर

दुकानात जाताना लोहचुंबक खिशात ठेवा. ज्या बकलाला किंवा डी-रिंगला तो घट्ट चिकटतो, ते वरून सोनेरी असलं तरी आतून लोखंड. मुलामा घासला गेला की व्हेजटॅनमधलं टॅनिन आणि लोखंड ओल्यात एकमेकांना भेटतात आणि निळा-काळा डाग पडतो. लोखंडी खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून काही जण मुद्दाम याच क्रियेने कातडं काळं करतात. डाग ताजा आणि लहान असेल तर लिंबाच्या रसाने फिका होतो, मग पाण्याने पुसून घ्यायचा. पितळेला हा त्रास नाही, पण तेल-मेण जास्त झालं तर त्याभोवती हिरवा मळ साठतो. तो दातकोरणीने काढा आणि पुढच्या वेळी तिथे तेल कमी.

चुंबकाचं बटण आणि पट्ट्याचे रिव्हेट अस्तराच्या आधी बसवायचे. चुंबकाच्या बटणाच्या पायांमागे कातड्याचा एक जाड तुकडा द्या आणि पाय बाहेरच्या बाजूला दुमडा, नाहीतर त्यांचे उंचवटे अस्तरातून दिसतात.

टिच बटण मात्र मी अस्तरासकट आरपार बसवतो. आत लपवलेलं बटण सुंदर दिसतं हे खरं, पण खराब झालं की ते बदलायला अख्खी शिलाई उसवावी लागते.

बटण निखळतं त्याचं कारण जवळजवळ नेहमी नळीची लांबी. टोपीची (बटणाच्या बाहेर दिसणाऱ्या भागाची) नळी कातडं, अस्तर आणि सॉकेट (आतून तिच्यावर बसणारा भाग) यांतून वर आली की दाबल्यावर सॉकेटच्या वर दीड-दोन मिमी दिसायला हवी. कमी दिसली तर ती फुलायला धातूच उरत नाही. हातोडीने त्यात भर पडत नाही, लांब नळीचं बटण आणा किंवा त्या जागी अस्तराचा वर्तुळाकार तुकडा रापीने खरवडून पातळ करा. जास्त दिसली तर नळी फुलण्याऐवजी एका बाजूला कलते. तिथे मध्ये कातड्याची गोल चकती घाला. अस्तर मऊ किंवा सुएडचं असेल तर ते वापराने दबतं आणि आज घट्ट बसलेलं बटण महिन्याने सैल होतं, म्हणून छिद्र पाडण्याआधी तेवढी जागा हातोडीने ठोकून दाबून घ्या. छिद्र नळीएवढंच, एका नंबरने मोठं नको.

ठोकताना खाली दगड हवा. किचन ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा कुठल्याही फरशीवाल्याकडे मिळतो. लाकडी पाटावर किंवा जेवणाच्या टेबलावर निम्मा मार फळीच पिऊन टाकते आणि तो भरून काढायला माणूस जोर वाढवतो. टोपी खोलगट ऐरणीवरच ठेवा, सपाट दगडावर ती चेपते. सेटर (नळी फुलवायचा ठोकायचा दांडा) काटकोनात धरून तीन-चार मध्यम ठोके, प्रत्येक ठोक्यानंतर बटण बोटाने फिरवून बघायचं. फिरत असेल तर आणखी एक ठोका. फिरायचं थांबलं की थांबा. त्यापुढचे ठोके सॉकेटची कड वाकवतात आणि मग बटण लागतच नाही.

बिघडलेलं बटण काढायला आतल्या बाजूने फुललेल्या नळीच्या पाकळ्या कटरने एकेक करून तोडा. टोपी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कातड्यावर अर्धचंद्र उमटतो. छिद्र सैल झालं असेल तर नवं बटण तिथे तसंच लावू नका. अस्तराच्या बाजूने नाण्याएवढी व्हेजटॅनची चकती चिकटवा, तिच्यात नेमकं छिद्र पाडा आणि नळीची लांबी पुन्हा मोजा. चकतीने जाडी वाढलेली असते, जुन्याच मापाचं बटण आता पुरणार नाही.