नदी सुरय की कल्लेदार सुरय? रंकाळ्यावर ओळखायचं कसं

हिवाळ्यात कोल्हापूरच्या रंकाळा, कळंबा तलावांवर किंवा धरणांच्या जलाशयावर पांढरट-राखी सुरय (पाण्यावर उडत शिकार करणारा पक्षी, इंग्रजीत टर्न) उडताना दिसला की आधी आकाराच्या मागे लागू नका. एकटा पक्षी लांबून हमखास फसवतो. पहिली नजर चोचीवर.

नदी सुरयाची चोच जाड, पिवळीधमक. हिवाळ्यात टोक काळपट होतं, पण बुडाचा पिवळा रंग राहतोच. कल्लेदार सुरयाची हिवाळ्यातली चोच काळी. मात्र सूर्य समोर असेल तर पिवळी चोचही काळीच दिसते, आणि निम्मे घोटाळे इथेच होतात. म्हणून सकाळी पूर्व काठावर उभं राहा, ऊन पाठीवर येईल. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे.

मग शेपटी. नदी सुरयाची खोल दुभंगलेली, कल्लेदाराची जेमतेम खाच पडलेली. पिसं झडताना किंवा पिल्लू वयात नदी सुरयाचीही शेपूट आखूड असते, तेव्हा नुसत्या शेपटीवर निकाल देऊ नका.

खरी मजा शिकारीत. नदी सुरय वरून थेट पाण्यात सूर मारतो. कल्लेदार पाण्यालगत तरंगत येतो, चोच टेकवून किडा उचलतो, अंग सहसा भिजवत नाही.

दोघे शेजारी बसले तर प्रश्नच मिटला: नदी सुरय साधारण ४० सेंमी, कल्लेदार २५, म्हणजे साळुंकीएवढा.

एप्रिलमध्ये पोट गडद राखी, गाल पांढरे दिसले तर तो विणीच्या पिसाऱ्यातला कल्लेदार. छोटा पक्षी, पिवळी चोच आणि कपाळ पांढरं? मग तो तिसराच, लहान सुरय.