‘अळीला सवय झाली’ असं सांगू नका! गावात विज्ञानाची गोष्ट सांगताना या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की फोन सुरू होतात. “सर, २८ तारखेला विज्ञान दिन आहे. पोरं जमवून ठेवतो. कोपर्निकसपासून आइन्स्टाइनपर्यंत एका तासात घेऊन टाका.” घेऊन टाका! जसं काही पऱ्हाटीचं एक तास निंदून टाकायचं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, मारेगाव, पांढरकवडा या भागातल्या गावांमध्ये मी वीसेक वर्षं ही भाषणं देतोय. आता बीएस्सी झालेली नवी पोरं या कामात येतात. हुशार आहेत, बोलतात छान, पण फार घाईत असतात. मागं सतरंजीवर बसून मी त्यांना ऐकतो आणि दरवर्षी त्याच चुका मोजतो. यातल्या निम्म्या मी स्वतः करून चुकलोय, म्हणून सांगायचा हक्क आहे असं समजतो.

‘अळीला बीटीची सवय झाली’

ही माझी सगळ्यात जुनी डोकेदुखी. बीटी म्हणजे एका जंतूचं जनुक घालून स्वतःच अळीचं विष तयार करणारा केलेला कापूस. डार्विन समजावून सांगायला आपल्या कापसाच्या पट्ट्यासारखी जागा शोधून सापडणार नाही, आणि नेमका तिथंच तो चुकीचा सांगितला जातो.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते इथं कुणाला सांगायला नको. फुलांच्या डोमकळ्या (न उमलता मिटूनच राहिलेली फुलं), वरून हिरवंगार दिसणारं बोंड, फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडलेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी एका गावात पारावर बोलत होतो. लोकांच्या रोजच्या जगण्यातलं उदाहरण द्यावं म्हणून ऐटीत म्हणालो, “जीव परिस्थितीप्रमाणे बदलतो. आता पाहा, आपल्या बोंडअळीला बीटीची सवय झाली.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही खूश.

एक म्हातारे कास्तकार धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते. त्यांनी विचारलं, “गुरुजी, अळी जगते किती दिवस?”

म्हटलं, “अळी म्हणून दोनेक आठवडे. अंड्यापासून पाखरापर्यंत महिनाभर.”

“मंग तिले सवय कवा लागली? अंड्यातून निघाली, बोंडात घुसली, पयलाच घास बीटीचा. मराची तं पयल्याच घासाले मराले पाह्यजे.”

मी गडबडलो. म्हणालो, तिच्या आईला लागलेली सवय तिच्यात आली.

“मी चाळीस वर्सं झाले बिडी वढतो. माह्या नातवाले का जन्मताच बिडी पचते?”

पार हसून हसून लोळला. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत कान गरम होते. लामार्क नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १८०९ साली मांडलेला विचार मी डार्विनच्या नावावर खपवत होतो आणि आजोबांनी तो एका बिडीत उडवला होता.

खरी गोष्ट अशी की कोणत्याही एका अळीला कसलीही सवय होत नाही. लाखो अळ्यांमध्ये दोन-चार जन्मतःच अशा असतात की त्यांना ते विष लागत नाही. बाकीच्या मरतात, या उरतात आणि पुढची पिढी यांची होते. आपल्या देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. दुसरं जनुक घातलेलं बियाणं २००६ मध्ये आलं. गुजरातेत पहिल्या जनुकाला गुलाबी अळी दाद देत नसल्याचं २०१० मध्येच जाहीर झालं होतं. हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. तिथं तिला बीटी भेटतच नाही, म्हणून तिच्यातल्या नाजूक अळ्याही टिकून राहतात. गुलाबी अळी मात्र जवळपास फक्त कापसावरच जगते, आणि वरून आपण फरदड घेऊन, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक उभं ठेवून, तिला उन्हाळ्यापर्यंत पोसतो.

४५० ग्रॅमच्या बॅगेसोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट का मिळायचं, तेही इथंच कळतं. त्या नॉन-बीटी ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांची पाखरं विष पचवणाऱ्या पाखरांशी जुळावीत आणि होणारी पिल्लं पुन्हा बीटीला मरावीत, एवढ्यासाठी ते होतं. पुन्हा भेट झाली तेव्हा मी हे सांगितल्यावर आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते पाकीट तं गोठ्याच्या आढ्याले खोसून हाय अजून. आमाले कोनं सांगतलंच नाही.” कृषी केंद्रात सांगितलं नसेल तर नसेल. पण मीही पंधरा वर्षं डार्विन सांगत फिरत होतो की!

तेव्हापासून मी डार्विनवर भाषण देत नाही, दाणे काढतो. सुपात ज्वारीचे ९७ दाणे आणि गव्हाचे ३. ज्वारी म्हणजे साध्या अळ्या, गहू म्हणजे विष पचवणाऱ्या. पहिली फवारणी: ज्वारीचे १० ठेवायचे, बाकी उचलायचे, गव्हाला हात लावायचा नाही. उरलेल्या प्रत्येकाला आठ पोरं, म्हणजे ज्वारी ८०, गहू २४. दुसरी फवारणी, पुन्हा ज्वारीचे दहातले नऊ उचला. सुपात ज्वारी ८, गहू २४. मग विचारायचं, यातला कोणता दाणा बदलला? पोट्टे सुपात डोकं घालून शोधतात. एकही बदललेला नसतो, सूप मात्र बदललेलं असतं. याला वीस मिनिटं लागतात. ज्यांना तेवढी नसतात त्यांनी डार्विनला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि माकडापासून सुरुवात करू नका. त्या शब्दावर अर्धी सभा चिडते, अर्धी खिदळते. खुद्द डार्विननं १८५९ च्या ग्रंथाची सुरुवात पाळीव जनावरं आणि कबुतरांपासून केली. माणसाबद्दल सविस्तर लिहायला त्याला १८७१ उजाडलं. तो बारा वर्षं थांबला, तुम्ही पाचव्या मिनिटाला माकडावर उडी मारता. मी वर्धेकडच्या गवळाऊ बैलापासून सुरू करतो. कोणता गोऱ्हा वळू म्हणून ठेवायचा ते आपल्या आज्या-पणज्यांनी कसं ठरवलं, हे गावात कुणीही सांगतं.

‘पूर्वीचे लोक अडाणी होते’

हे वाक्य ऐकलं की मला उठून जावंसं वाटतं. “पृथ्वी फिरते का?” असं विचारलं की वर्ग एका सुरात “होऽऽ” म्हणतो. का फिरते, कशावरून, विचारलं की चिडीचूप. मग आपण शहाणे कसे झालो? त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला, आपण पाठ्यपुस्तकावर ठेवला.

एकदा एका पोराचे आजोबा म्हणाले, “धरती फिरते म्हन्ता, तं इहिरीवरून उडालेला बगळा मांगं काहून नाही राह्यत?” शेजारचा तरुण शिक्षक हसला. हसण्यासारखं काय होतं? पृथ्वी फिरत असती तर ढग आणि पाखरं मागं पडली असती, हाच आक्षेप टॉलेमी या जुन्या खगोल अभ्यासकानं दुसऱ्या शतकात घेतला होता. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडं पळते. बगळ्याचा प्रश्न चांगलाच रास्त आहे. उत्तर गॅलिलिओनं १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचा दाखला देऊन दिलं. मी लाल एसटीचा देतो. पळत्या गाडीत भुईमुगाची शेंग वर उडवा, ती तुमच्याच हातात पडते, मागच्या सीटवरच्या बाईच्या पदरात नाही. बगळाही त्याच एसटीत आहे.

दुसरा आक्षेप तर याहून पक्का होता. कोपर्निकसनं १५४३ मध्ये पृथ्वीला सूर्याभोवती फिरवलं. तसं असेल तर सहा महिन्यांच्या अंतरानं पाहिल्यावर जवळचे तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. हाताचा अंगठा समोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा, मागच्या कडुनिंबापुढं अंगठा सरकतो ना, तसे. टायको ब्राहे हा नुसत्या डोळ्यांनी आकाश मोजणारा त्या काळचा सर्वांत काटेकोर माणूस. त्यानं पाहिलं, त्याला काहीच सरकलेलं दिसलं नाही, म्हणून त्यानं पृथ्वीला जागची हलू दिली नाही. तारे कल्पनेपेक्षा फार लांब होते, एवढंच. ते सरकणं जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलला मोजता आलं १८३८ मध्ये, म्हणजे कोपर्निकसनंतर जवळपास तीनशे वर्षांनी. टायकोला अडाणी म्हणायचं?

आता माझी फजिती. पृथ्वीचं फिरणं डोळ्यांनी दाखवायचंच असा हट्ट धरून मी एका जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाचा लंबक टांगला. उंचावरून झुलणारा गोळा; खालची पृथ्वी फिरते तशी त्याच्या झुलण्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. फुकोनं १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा लावला होता. माझ्याकडं बाइंडिंगची तार आणि सिमेंट भरलेला रंगाचा डबा. शंभरेक लोक बोलावले, डबा हातानं ढकलला आणि म्हणालो, तासाभरात याची दिशा फिरेल. अर्ध्या तासात डबा सरळ जायचा सोडून लंबगोल फिरायला लागला. मी ओरडलो, “पाहा, पृथ्वी फिरते!” मागून आवाज आला, “हा तं धक्क्यानं घुमून राह्यला.”

त्याचं बरोबर होतं. माझ्या हाताच्या तिरक्या धक्क्यानंच तो घुमत होता. लंबकाची चाल पॅरिसमध्ये साधारण ३२ तासांत पूर्ण वळसा घेते. आपल्या विसाव्या अक्षांशावर त्याला ७० तास लागतात, म्हणजे तासाला जेमतेम पाच अंश. मी तेवढं न मोजताच लोक बोलावले होते आणि हवं ते दिसल्यावर नाचायला लागलो होतो. त्या गोडाऊनमध्ये विज्ञानाची शिस्त पाळणारा एकच माणूस होता आणि तो मागं उभा होता.

करायचंच असेल तर: डबा सुतानं एका बाजूला ओढून खांबाला बांधा. पूर्ण स्थिर होऊ द्या, चहा पिऊन या. मग सुताला काडी लावा. सूत जळून तुटलं की डबा धक्क्याशिवाय सुटतो. खाली रांगोळीची रेघ ओढा, दारं लावा आणि तीन तासांनी उघडा. पंधरा अंश दिसले तर दिसले. लहान तारेला मात्र तो तोवर थांबूनच जातो, म्हणून उंच छत मिळेपर्यंत हा उद्योग करू नका.

बाकीच्या, पटापट

न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडलं नव्हतं. पडताना पाहून विचार सुचला असं त्यानं म्हातारपणी सांगितलं, एवढंच. टाळू सोडा, चंद्राकडं वळा: सफरचंद ओढणारं बळ चंद्रापर्यंत पोचतं का, तो खरा प्रश्न.

“तरीही ती फिरते” हे गॅलिलिओनं १६३३ च्या खटल्यानंतर म्हटल्याचा त्या वेळचा पुरावा नाही. टाळ्या मिळतात म्हणून सांगू नका.

“आपल्याकडं हे आधीच ठाऊक होतं.” आर्यभटानं ४९९ मध्ये नावेतल्या माणसाचा दाखला देऊन पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगितलं. अभिमानानं सांगा. पण त्यानं तिला सूर्याभोवती फिरवलेलं नाही, आणि पुढं ब्रह्मगुप्तानं त्याचं स्वतःभोवतीचं फिरणंही खोडून काढायचा प्रयत्न केला, हेही सांगा. आपल्याकडं वाद होते, यातच खरी मजा आहे.

सगळी उदाहरणं लंडन-पॅरिसची. अहो, घुग्गुस-वणीच्या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या झाडाच्या पानांचे ठसे मिळतात, आंब्याच्या पानासारखे. तसलेच ठसे आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकातही सापडले, आणि जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरनं १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं तेव्हा हे पान त्याच्या कामी आलं. त्या जुन्या अखंड भूमीचं नाव जगभर गोंडवाना आहे. गोंडांचं नाव! कोलाम-गोंड पाड्यावर हे सांगताना पोरांचे चेहरे पाहा.

शीवेवरच्या मरीमायची, म्हणजे पटकीच्या देवीची, टिंगल. एका उत्साही कार्यकर्त्यानं “दगडाला शेंदूर फासून पटकी जाते काय?” असं विचारलं आणि बाया पदर सावरून उठून गेल्या. त्यांच्या घरात पटकीनं माणसं नेली होती, तुझ्या घरात नाही. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू जर्मन डॉक्टर कॉखनं १८८४ मध्ये कलकत्त्यात पक्का केला. त्याच्या तीस वर्षं आधी लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोला जंतू माहीतच नव्हता. त्यानं फक्त कोणत्या घरात किती मेले आणि पाणी कुठलं प्यायले, हे विचारलं. मेलेले बहुतेक एकाच पंपाचं पाणी पीत होते. जवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार त्या पंपाचं पाणी पीत नव्हते, ते वाचले. गावाचा नकाशा काढा, हापशी आणि विहिरी मांडा, हगवण कुठं कुठं झाली ते बायांनाच टिकल्या लावून दाखवू द्या. शेंडगावचे गाडगेबाबासुद्धा आधी गाव झाडायचे, कीर्तन रात्री.

व्हिडिओ. पाच मिनिटांत लाइट जाते.

आणि आभार मानून झाले की पळू नका. चांगले प्रश्न माइक बंद झाल्यावर येतात. मागच्या वर्षी सतरंजी गुंडाळता गुंडाळता एका ताईंनी विचारलं, चंद्र फिरतो तर त्याचं तेच तोंड आपल्याकडं कसं? मी त्यांना म्हटलं, हापशीकडं तोंड ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारा. त्या पाय सरकवत फिरल्या, जागेवर आल्या आणि थबकल्या. “म्हंजे मी बी एक गिरकी घेतलीच नं!” मग त्यांची जाऊ फिरली, मग पोरी फिरल्या, मग सरपंच. शेवटची एसटी गेली तेव्हा मी हापशीपाशीच होतो.