धरलेली गाठ विरघळते तेव्हा

कॅज्युअल्टीत नव्याने लागलेल्या पोरापोरींनो, वर्धा रोडवरून अपघाताचा पेशंट आला की सगळे जखमेकडे धावतात. तुम्ही सलाईनची सुई लावलेली जागाही बघा. चिकटपट्टीखालून रक्त पाझरतंय, जखमेवर धरलेली गाठ पातळ होऊन पुन्हा वाहतेय, तर गोठलेलं रक्त विरघळायला लागलंय असं समजा. मोठ्या इजेत, शॉकमध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून टीपीए नावाचं प्रथिन सुटतं, त्याने प्लाझमिन हे गाठ विरघळवणारं एन्झाइम तयार होतं आणि ते गाठ धरून ठेवणारी फायब्रिनची जाळी कातरत सुटतं.

पहिलं काम, अपघाताची वेळ पक्की करा. नातेवाईक म्हणतील, "आत्ताच झालं ना, साहेब!" त्यावर जाऊ नका. 108 ला ज्याने फोन लावला त्याचा मोबाईल मागा, कॉलची वेळ बघून केसपेपरवर लाल पेनाने लिहा. गाठीचं हे विरघळणं रोखणारं औषध, ट्रॅनेक्सामिक ॲसिड, अपघातापासून तीन तासांच्या आतच द्यायचं, जमलं तर पहिल्याच तासात. 2010 साली आलेल्या, याच औषधाच्या क्रॅश-2 चाचणीत 20 हजारांवर जखमी होते. तीन तासांनंतर औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने मृत्यू उलट वाढले.

500 मिलिग्रॅमचे दोन ॲम्प्युल 100 मिली सलाईनमध्ये, दहा मिनिटांत. थेट शिरेत ढकलू नका, बीपी पडतं. मग आणखी 1 ग्रॅम, 500 मिलीत, आठ तास. मिलीला 20 थेंब पाडणाऱ्या सेटने मिनिटाला साधारण 21 थेंब. रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. आणि औषधाने फाटलेली प्लीहा शिवली जात नाही, सर्जनला फोन आधीच गेलेला हवा.

रक्ताची गाठ कशी धरते आणि विरघळते ते दाखवणारं रोटेमचं मशीन सगळीकडे नसतं. साप चावल्यावर करतो तीच काचेच्या कोरड्या नळीची टेस्ट करा, 2 मिली रक्त, 20 मिनिटं. माझी चूक इथेच झाली होती. नळी तिरपी केली, रक्त हललं नाही, म्हणजे गोठलंय म्हणून मी निर्धास्त झालो. नळी फेकणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या स्टँडवर." तासाभराने त्याच नळीत रक्त पाण्यासारखं डुचमळत होतं. तेव्हापासून नळीवर वेळ लिहून ती ठेवूनच देतो.

ज्यापासून फायब्रिन बनतं ते फायब्रिनोजेन रिपोर्टमध्ये 150 mg/dL च्या खाली आलं की ब्लड बँकेकडून क्रायो, म्हणजे फायब्रिनोजेन भरपूर असलेला रक्तघटक, मागवा. रक्ताच्या पिशव्या भराभर चढत असतील तर कॅल्शियम विसरू नका, पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट ते खातं. नुसत्या सलाईनच्या बाटल्या ओतल्या तर रक्त आणखी पातळ होतं.

अन् कूलर! मे महिन्यात बाहेर 45 अंश, आत कूलरचा ओला वारा थेट उघड्या पेशंटवर. अंग गार पडलं की रक्त गोठणं आणखी बिघडतं. कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवा, भिजलेले कपडे कापून काढा, ब्लँकेट घाला. "एवढ्या उन्हात ब्लँकेट काहून?" असं कोणी विचारलं, तर त्याचा हात पेशंटच्या तळपायाला लावून द्या.