म्हण की वाक्प्रचार? ओळखायचं कसं आणि वापरायचं कुठे

मुलांचा मराठीचा अभ्यास घेताना हा घोळ हमखास होतो, म्हण कशाला म्हणायचं आणि वाक्प्रचार कशाला. म्हण हा शब्द 'म्हणणे'वरूनच आलाय, लोक पिढ्यानपिढ्या जे म्हणत आले ते. घरी मी कसं करते ते सांगते.

आधी क्रियापद फिरवून बघा. 'नाकी नऊ येणे' घ्या. माझ्या नाकी नऊ आले, तुझ्या नाकी नऊ येतील, माणूस बदलला, काळ बदलला की तेही बदलतं, म्हणजे वाक्प्रचार. 'नाचता येईना अंगण वाकडं' मात्र कुणालाही म्हणा, काल म्हणा नाहीतर उद्या, आहे तसंच राहतं आणि तेवढ्यातच बोलणं पूर्ण होतं. ही म्हण.

अडतं ते 'ताकाला जाऊन भांडं लपवणे'सारख्या ठिकाणी. म्हणींच्या यादीत ती असते, पण बोलताना आपण बिनधास्त 'ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस' असं फिरवतोच की. अशा वेळी मुलाचं उत्तर चूक ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

मग म्हणीतलं चित्र डोळ्यासमोर आणा, अर्थ पाठ करायच्या आधी. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' हे मुलं धडाधड म्हणतात, पण आड म्हणजे पायऱ्या नसलेली अरुंद विहीर आणि पोहरा म्हणजे दोर बांधून त्यात सोडायचं भांडं, हे आता फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला कळणार कसं? गावी गेलात तर आड दाखवा. 'पळसाला पाने तीनच'चं पण तसंच, पळसाच्या एका देठाला खरंच तीन पानं असतात, कुठल्याही गावचा पळस बघा, म्हणून कुठेही गेलं तरी परिस्थिती सारखीच हा अर्थ. एकदा झाड बघितलं की परत विसरत नाही. शब्दच अडला तर मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन फुकट आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती, असले जुने शब्द त्यात छान सापडतात, फक्त अर्थ इंग्रजीत आहेत.

शेवटी सूर तपासा, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या फॅमिली ग्रुपवर भाचीला दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा एकानं कौतुक म्हणून 'वासरात लंगडी गाय शहाणी' लिहिलं. त्याचा अर्थ अडाण्यांत थोडं कळणारा पण शहाणा ठरतो, म्हणजे तिचाही अपमान आणि तिच्याबरोबरच्या पोरांचाही, ती बिचारी दोन दिवस गप्प होती. म्हणून कौतुकात टाकायच्या आधी स्वतःला विचारा, हीच म्हण मला कोणी लावली तर चालेल का? आणि जातीवरून, बायकांवरून, कुणाच्या व्यंगावरून केलेल्या म्हणी कितीही जुन्या असल्या तरी मी मुलांना वापरू देत नाही, अर्थ विचारला तर सांगते.