मेंढी ओळखायची कशी: रंग शेवटी बघा

आटपाडी किंवा लोणंदच्या बाजारात नवा माणूस मेंढरं बघायला उतरला की त्याची नजर आधी रंगावर जाते. काळी दिसली की दख्खनी, पांढऱ्यावर तांबडे डाग दिसले की माडग्याळ, एवढ्यावर जात ठरते आणि सौदा सुरू होतो. मी माण तालुक्यात मेंढपाळाच्या घरात वाढले, आता पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते. त्यामुळे हे रंगावरचं ठरवणं मला मनापासून खटकतं. डागांसाठी जादा पैसे मोजून नेलेल्या नराची कोकरं पुढच्या वर्षी भलतीच निघतात, आणि तोवर सगळं खांड, म्हणजे कळप, त्याच नराखाली गेलेलं असतं.

जनावर सपाट जागेवर उभं करा आणि चार पावलं मागे येऊन आडव्या बाजूने बघा. आधी नाकाची रेघ बघायची. दख्खनी मेंढीचं नाक थोडं फुगीर असतं, पण माडग्याळचं कपाळापासूनच बाक घेऊन पोपटाच्या चोचीसारखं खाली वळतं. एकदा नीट पाहिलं की पुन्हा चुकत नाही. मग कान. दख्खनीचे मध्यम आणि खाली पडलेले, माडग्याळचे लांब, रुंद, पानासारखे लोंबते. दख्खनी नराला बहुधा शिंगं असतात, मादीला नसतात. माडग्याळमध्ये दोघंही साधारणपणे बिनशिंगी. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी ही मेंढी उंच, लांब मानेची, झपाट्याने वाढणारी. दख्खनी तिच्यापुढे लहान, छातीला अरुंद, आणि तिचा कणा हाताला लागतो. म्हणून ती हलकी समजू नका. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, चराईला निघाला की महिनोन् महिने रोज चालायचं, मिळेल त्या काटक्याकुटक्यांवर राहायचं आणि रात्री वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, उघड्यावर बसायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे.

एवढं झाल्यावर हात लावायचा, आणि माझ्या मते खरी ओळख इथेच पटते. बरगडीवरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवा आणि कातडीपर्यंत बघा. दख्खनीत तळाशी मऊ धागा असतो आणि त्यात मिसळलेले जाड, राठ केस. कपड्याला ही लोकर बोचते, पण घोंगडीला तीच लागते, आणि काळी असली तर रंगवायचीही गरज नाही. कोकराची पहिली कातरलेली लोकर, म्हणजे जावळ, सगळ्यात मऊ. आमच्या घरी आज्जी तिची वेगळी गाठोडी बांधायची, मोठ्या मेंढरांच्या लोकरीत ती कधी मिसळू द्यायची नाही. माडग्याळच्या अंगावर मात्र आखूड, सपाट केस असतात आणि कातरायला फारसं काही मिळत नाही. या दोघींच्या संकरातली मेंढी हाताला लगेच कळते: लोकर आहे, पण विरळ, आणि कातरली तर मूठभरच भरते. नाक आणि डाग माडग्याळचे असले तरी बरगडीवर असा पुंजका लागला, तर दर शुद्ध माडग्याळचा देऊ नका.

दख्खनीतही लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार सांगतात. ही नावं मुलखाची आहेत. सुट्ट्या एका मेंढीकडे बघून यातला प्रकार छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. खांड पावसाळ्यात कुठे थांबतं, नर कुठून आणला, हे मेंढक्याला विचारा. शक्य असेल तर बाजाराऐवजी वाड्यावर जा, आई आणि तिची मागची कोकरं बघा. दहा-वीस मेंढ्यांची नाकं-कानं सारखी दिसली तर जातीबद्दल बोलता येतं.

राजस्थानातल्या मेंढ्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे अंग बहुतेक पांढरं, आणि ओळख तोंडाच्या रंगावर. मारवाडीचं तोंड काळं आणि कान अगदी छोटे, गुंडाळल्यासारखे. जैसलमेरीचा काळा किंवा गडद तपकिरी रंग मानेपर्यंत उतरतो आणि कान लांब लोंबतात. चोकलाचं तोंड तांबूस तपकिरी, मगरा जातीच्या मेंढीच्या डोळ्यांभोवती फिकट तपकिरी ठिपके. म्हणजे रंगाला अर्थ आहे, पण तो त्या-त्या मुलखापुरता.

दक्षिणेकडची नेल्लोर बघताना आधी ती मेंढीच आहे ना याची खात्री करावी लागते, इतकी ती उंच, बिनलोकरीची, शेळीच्या अंगलटीची. शेपटी बघा: शेळीची वर उचललेली, मेंढीची खाली लोंबती. शिवाय मेंढीच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली एक लहानसा खळगा असतो, तो शेळीला नसतो. पांढऱ्या नेल्लोरला पल्ला, तोंडावर काळे ठिपके असलेलीला जोडिपी आणि तांबड्या-तपकिरीला डोरा म्हणतात. कर्नाटकातली बन्नूर, म्हणजेच मंड्या, याच्या उलट: बुटकी, गच्च अंगाची. तिला मागून बघायचं. दोन्ही मांड्यांमध्ये मांस इतकं भरलेलं असतं की उलट्या नालेचा आकार दिसतो.

काही गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. बंगालच्या सुंदरबनातली गरोल मेंढी अगदी लहानखुरी, पण तिला जुळी होतात, कारण तिच्यात फेकबी नावाचं जनुक असतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण आपल्या मेंढीचा काटकपणा राखून जुळ्यांचा गुण आणण्याचा त्यात प्रयत्न आहे. पण नर जुळ्यातला आहे एवढ्यावर त्याच्यात हे जनुक आहे असं धरू नका. ते रक्ताच्या तपासणीतच कळतं, म्हणून विकणाऱ्याकडे तपासणीचा कागद मागा.

जात ठरली की वय. मेंढीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. सगळे बारीक, दुधाचे असतील तर जनावर साधारण वर्षाच्या आतबाहेरचं. मधली रुंद जोडी आली की दोनदाती, म्हणजे वर्ष ते दीड वर्ष. चारदाती दोनच्या आसपास, सहादाती अडीच ते तीन, आणि साडेतीन-चारला आठही जुळतात. माळरानावर चरणाऱ्या मेंढीचे दात लवकर झिजतात, त्यामुळे जुळल्यानंतरचं वय कोणी नेमकं सांगू लागला तर त्याला अंदाजच समजा. दात हलत असतील, मध्ये फटी पडल्या असतील, तर ती मेंढी आखूड गवत तोडू शकणार नाही. चाऱ्यावर बांधून ठेवायची सोय नसेल तर घेऊ नका.

हे सगळं वहीत लिहा. कानाला बिल्ला मारून त्याचा क्रमांक, नाक, कान, शिंगं, लोकर, दात, आईचा क्रमांक आणि बाप, आणि एक आडव्या बाजूने काढलेला फोटो. सगळ्यांचं जमणार नसेल तर निदान नराचं तरी लिहाच, कारण पंचवीस-तीस मेंढ्यांची कोकरं त्याच्यावर जातात. दोन वर्षांत त्याच्या लेकी माजावर येतील. त्याच्या आधी नर बदला, आणि नवा नर बघायला जाताना ती वही बरोबर न्या.